पंगतीची कढई

मी एक जुनी पितळेची कढई आहे, आणि मित्रांनो, माझा थाट काही साधासुधा नव्हता. मोर्शीजवळच्या आमच्या गावानं एकदा ठरवलं, की लग्नकार्याला गावाचं स्वतःचं मोठं भांडं हवं. मग घराघरातून फुटके तांबे, चेपलेल्या पराती जमा झाल्या. बौद्ध वस्तीतल्या पंजाबरावांच्या आईनंही आपली परात दिली. ते सगळं पितळ वितळवून ओताऱ्यानं मला घडवलं. काय काय शिजलं माझ्यात! लोक बोटं चाटत आणि मी फुगून जायचे.

पुढे पंजाबरावांच्या मुलीचं लग्न निघालं. ते मला न्यायला आले. मला ठेवायच्या गावकोठीची किल्ली तेव्हा गोवर्धन नावाच्या एका लहान पोराच्या वडिलांकडे होती. “भांडं बाटते,” एवढं बोलून त्यांनी दार लावलं. आईची परात घेताना काही बाटलं नव्हतं बरं का! त्या लग्नातलं वरण तेलाच्या डब्यांत शिजलं, खाली लागलं आणि पाहुणे अर्धपोटी उठले. पंजाबरावांची बायको सुंदराबाई ते कधीच विसरली नाही.

नंतर केटरिंगवाले आले. मी कोठीत धूळ खात पडले. वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

यंदा सुंदराबाईच्या नातीचं, दीक्षाचं लग्न ठरलं. तिची मैत्रीण रूपाली म्हणजे गोवर्धनची मुलगी. सुंदराबाईच्या तोंडून तिनं ती हकिगत ऐकली आणि रडतच कोठीत आली. गोवर्धन तिथं संत्र्याचे क्रेट लावत होता.

“बाबा, त्याईची माफी मागा.”

“मी कावून मागू? मी तवा चड्डीत होतो. मेलेल्या बापाले नावं ठिवू काय?”

“देवळाची कमान आबानं बांधली, तरी तुमी ‘आमी बांधली’ म्हन्ता. मंग हे कोनं केलं?”

गोवर्धन क्रेट लावत राहिला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं मला कल्हई करून आणली, हळदीकुंकू लावलं, हार घातला, नारळ ठेवला आणि ट्रॅक्टरनं सुंदराबाईच्या दारात नेलं. अहो, बौद्धांच्या लग्नघरी हळदीकुंकू! जन्म एका गावात गेला, पण गड्याला तेवढंही ठाऊक नव्हतं.

दीक्षानं ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं. सुंदराबाई म्हणाली, “कढई नोको, गोवर्धन. सैपाकाले मानसं सांगतली हायेत. त्या दिवशी कावून देल्ली नाही, थे माह्या नातीसमोर सांग.”

बापाविरुद्ध गोवर्धनची जीभ रेटेना. शेवटी खाली बघत म्हणाला, “बाप माहा चांगला होता, काकू. पन तुमाले हलकं समजून त्यानं कढई देल्ली नाही. आन गावातलं कोनीच काई बोललं नाही. आमी लय चुकलो.”

सुंदराबाई म्हणाली, “बरं झालं, बोलला. पन हे ज्याईले आयकाचं होतं, थे दीक्षाचे आजोबा गेले नं रे.”

गोवर्धन तिथंच पायरीवर बसून राहिला. मित्रांनो, मला घासा, नका घासू. पण आपल्या माणसांनी कुणाला दुखवलं असेल, तर तो जिवंत आहे तोवर त्याच्या दारी जाऊन चूक कबूल करा.