अबिबाची गोळी

अंगणात भेंडीचं कालवण रटरटत होतं आणि अबिबा चुलीला इतकी चिकटून बसली होती, की अंगावरच्या कापडाला धग लागत होती. भर दुपारी तिला थंडी वाजे.

तिची मुलगी सानातू तामाले शहरातल्या दवाखान्यात रक्त तपासायचं काम करी. दोन वर्षांपूर्वी अबिबाच्या गळ्याची गाठ काढली, तिच्याबरोबर थायरॉइडही गेलं, तेव्हापासून तिला रोज हार्मोनची पन्नास मायक्रोग्रॅमची एक गोळी होती. ती पुरत नव्हती. तोंड सुजलं, भुवया झडल्या, आवाज पुरुषासारखा घोगरा झाला. सानातूने रक्त नेऊन तपासलं आणि शुक्रवारी अहवाल घेऊन गावी आली. तिचं चुकलं ते एवढंच, की तिने तो सगळ्यांसमोर वाचला.

"टीएसएच बासष्ट. चारच्या आत पाहिजे. फार वाढलंय, गोळी वाढवायला लागेल."

"वाढलंय," थोरले काका इद्रिसू म्हणाले. त्यांची तीन वर्षांची नात महिन्यापूर्वी तापाने गेली होती. "मी म्हणतच होतो, हिच्या अंगात काहीतरी आहे. त्यानेच पोर खाल्ली."

"तसं नाही, काका. आईच्या गळ्यात हार्मोन बनतच नाही. म्हणून मेंदू हाका मारतोय, तेच हे टीएसएच. ओ येत नाही, म्हणून हाका वाढल्यात."

"म्हणजे हिच्या डोक्यात कुणीतरी हाका मारतंय," काका बसलेल्यांकडे वळून म्हणाले. "ऐकलंत ना? आणि पोरगी म्हणते, त्याला अजून खायला घाला."

कुणीतरी हसलं. सानातूने नाना परींनी सांगून पाहिलं, पण ती जितकी समजावत गेली तितकी आई अडकत गेली. नवरा मेलेली, वय झालेली, घोगऱ्या आवाजाची बाई. चेटकीण ठरायला याहून काय लागतं? आणि पुरावा तर पोटच्या पोरीनेच वाचून दाखवला होता.

दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे कोंबडी कापून अंगणात फेकली. उताणी मेली तर बाई निर्दोष, पालथी मेली तर चेटकीण. ती पालथी मेली. काकांनी गोळ्या चुलीत टाकल्या आणि अबिबाला मोटारसायकलवर बसवून चेटकिणींच्या वस्तीवर सोडून आले. तिथे तिच्यासारख्या साठ बायका होत्या. त्यातल्या एकीनेही कुणाला खाल्लं नव्हतं.

सानातू नव्या गोळ्या घेऊन तिथे पोचली, तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. चेहऱ्यावर ना दुःख, ना राग.

"कोंबडी पालथी पडली ना?" ती सावकाश म्हणाली. "मग खाल्लंच असेल मी लेकराला."

सानातूला रडू कोसळलं. आई तिच्याकडे नुसती बघत राहिली.

मग सानातूने कंबर कसली. दर रविवारी बसने जायचं, आठवड्याच्या गोळ्या मोजून द्यायच्या. आधी पंचाहत्तर, दीड महिन्याने शंभर. आणखी दोन महिन्यांनी टीएसएच पावणेतीनवर आलं. ती धावतच काकांकडे गेली.

काकांनी अहवाल उलटसुलट करून पाहिला. "बरी झाली ना? तिथलं पाणी मानवलं तिला. राहू दे तिथेच." अबिबाच्या खोलीत त्यांच्या नव्या सुनेचा पलंग लागला होता. अबिबाच्या शियाच्या झाडांची, तेल काढायची फळं त्यांच्याच अंगणात वाळत होती. नात गेल्याचं दुःख त्या माणसाला कितपत होतं, देव जाणे.

रविवारी आई झोपडीबाहेर भांडी घासत होती. सूज उतरली होती, हात भराभर चालत होते, आवाजही पूर्वीचा झाला होता.

"सानातू, त्या दिवशी कोंबडी यहायाने कापली ना?"

यहाया सानातूचा धाकटा भाऊ. तिने पिशवीतून गोळ्या काढल्या.

"तेव्हा माझ्या ध्यानातच नाही आलं. आता सगळं आठवतं. कापून झाल्यावर त्याने माझ्याच कापडाला हात पुसले." अबिबाने भांडं पालथं घातलं आणि लेकीजवळ येऊन बसली. "ही गोळी थोडी कमी करता येते का गं? पहिल्यासारखी पन्नास कर. तेव्हा मला एवढं कळत नव्हतं."

सानातूने शंभरच्या सात गोळ्या मोजून तिच्या हातात ठेवल्या. आईने त्यांतली एक तिच्यासमोर गिळली. बाकीच्या ती घेते की नाही, हे पाहायला त्या वस्तीत घरचं कुणीच नव्हतं.