अळणी घरातली पोलादी पट्टी

मित्रांनो, मी पोलादाची एक पट्टी. वीतभर लांब, अंगावर ओळीने भोकं. माझी उमेदीची वर्षं सरूच्या उजव्या पायात, नडगीच्या हाडाला बिलगून गेली, म्हणून मला फारसं कुणी पाहिलेलं नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. सरू कासूजवळच्या खाडीकाठची, मिठागरात राबणारी. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन ती बांधावरून घसरली आणि नडगी मोडली. नवऱ्याने, जनूने, तिला रोह्याहून येणाऱ्या गाडीने पेणला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मला तिच्या हाडावर स्क्रूंनी बसवलं. पुन्हा बांधावर चालता येईल ना, एवढीच तिला धास्ती होती. मी मात्र मनातून ताठ होते. कारखान्यात मला तासून-घासून चकचकीत केलं होतं, ते याच दिवसासाठी!

घरी सासूने, धोंडुबाईंनी, कपाळाला हात लावला. "गो सरू, आपली फावडी बघतेस ना? खाऱ्यात लोखंड टिकत नाय. तुझ्या तर पायातच लोखंड हाय!"

झालं! सरूचं मीठ बंद, सुकट बंद, लोणचं बंद. तिला मोह नको म्हणून जनू आणि धोंडुबाईही अळणीच जेवू लागले. दारात मिठाची रास आणि पानात चिमूटभर नाही! आधी मला हसू आलं. पण सरूला घास गिळेना, ती वाळत चालली आणि हाड काही भरेना. मी एकटी किती धरून ठेवणार?

पेणच्या डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे पाहिला. "बाई, जेवता की नाही?"

धोंडुबाईंनी सगळं सांगून टाकलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी माझ्याच धातूचा एक स्क्रू धोंडुबाईंच्या हातावर ठेवला. "हा मिठागरात बुडवून ठेवा. गंजला तर मला जाब विचारा."

धोंडुबाई रोज तो काढून बघत. डाग म्हणून नाही! शेवटी एका दुपारी त्यांनी तो पदराने पुसला आणि सुकटीचं कालवण रांधलं. "खा गो बाय, पोटभर खा." खाताना तिघांचेही डोळे वाहत होते. कालवण थोडं खारटच झालं असणार.

हाड जुळलं, सरू बांधावर चालू लागली. मला काढायला मात्र पुन्हा पाय कापावा लागणार होता, म्हणून ती घाबरली. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलं की अंगातच विरघळेल, असा धातू शोधायची खटपट चाललीय. मग दुसरं ऑपरेशन नको."

"बघा!" धोंडुबाई उसळल्या. "मी सांगत व्हते, लोखंड इरघळतं म्हणून!"

शेवटी सरूने धीर केला, डॉक्टरांनी मला काढून तिच्या हाती दिलं आणि आता मी तिच्या घरी फळीवर असते. दसऱ्याला फावड्याशेजारी मलाही हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल मिळतं. माझ्यासाठी अळणी जेवलेल्या या घराचे उपकार मी कसे विसरू?

मित्रांनो, मनात भीती असली तर उपाशी राहू नका, डॉक्टरांना विचारा. आणि तो विरघळणारा धातू कधी आलाच, तर एवढं करा. तो काम करून नाहीसा होईल, दसऱ्याला पुजायला हाती काहीच उरणार नाही. तेव्हा माझ्या शेजारी त्याच्या नावाचं एक फूल ठेवा.