नाना वाचतील तेच जाईल

आमच्या छापखान्यात कागदाला शाई लागत नाही. अंध मुलांसाठी आम्ही ब्रेलमध्ये छापतो, नुसते उठावाचे ठिपके. कॉम्प्युटर माझ्या ताब्यात आणि छापलेलं तपासायचं काम नानांचं. नाना स्वतः अंध आहेत. पहिलं पान त्यांच्या बोटाखालून जाऊन त्यावर त्यांचा शिक्का पडल्याशिवाय गठ्ठा बाहेर जात नाही, हा इथला जुना नियम. साहेब नवे आहेत. त्यांना हे नानांचे लाड वाटतात.

एकतीस मुलांची परीक्षा दोन दिवसांवर आली होती. आजवर त्यांना कुणीतरी प्रश्न वाचून दाखवायचं. यंदा पहिल्यांदाच ती आपला पेपर आपल्या बोटांनी वाचणार होती. आठ वर्षं भांडून मिळवलेली परवानगी होती ती. एक पेपर बिघडला असता तरी ‘बघा, जमत नाही’ म्हणायला सगळे टपलेलेच होते.

नेमकं त्याच दिवशी वरून फर्मान आलं की छपाईचं नवं पॅकेज आजच टाका. मी टाकायला गेले, तर लिनक्सच्या पॅकेज मॅनेजरने, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम बसवणाऱ्या कारभाऱ्याने, साफ नकार दिला. कुठली फाइल कोणाच्या मालकीची, याची चोख नोंद तो ठेवतो. कुठल्या अक्षराचे कुठले ठिपके हे सांगणारा तक्ता आमच्या जुन्या पॅकेजचा होता. नव्या पॅकेजने त्याच नावाचा, त्याच जागी बसणारा तक्ता आणला होता. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, एवढंच तो बिचारा सांगत होता.

"जबरदस्तीने टाकता येतं ना?" साहेब म्हणाले. "तसा पर्याय असतो, मला माहितीये."

"असतो. पण मी वापरणार नाही. परीक्षा होऊ द्या, मग दोघांना कसं नांदवायचं ते बघते."

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत नाट लावायची सवय आहे."

"आहे," मी म्हणाले आणि डबा खायला गेले.

रागाच्या भरात कॉम्प्युटर लॉक करायचं राहिलं. ती चूक माझीच. परत आले तर साहेब माझ्या खुर्चीत, नवं पॅकेज बसलेलं आणि छपाई धडाधड सुरू.

"झालं की नाही?" त्यांनी एक पान माझ्यापुढे धरलं. ठिपके सुबक, ओळी सरळ. मला ब्रेल जेमतेम येतं. त्या पानात खोट काय ते मला डोळ्यांनी सांगता येईना, आणि त्याचाच जास्त संताप आला.

मी पान नानांना दिलं. त्यांचं बोट पहिल्या ओळीवरून गेलं, दुसऱ्या ओळीवरून गेलं आणि परत पहिल्या ओळीवर आलं.

"हे कुठल्या भाषेत आहे गं?" त्यांनी मला विचारलं.

नवा तक्ता दुसऱ्याच भाषेचा होता. आमचे प्रश्न त्याने भलत्याच अक्षरांत काढले होते.

"थोडंफार इकडे तिकडे होणारच," साहेब म्हणाले. "नाना, शिक्का मारा. चार वाजता गाडी येतेय."

"साहेब, न वाचता येणाऱ्या कागदावर शिक्का मारायला डोळस माणसं पुष्कळ मिळतील," नाना म्हणाले. "मी नाही मारणार."

मग मलाही जोर चढला. "उठा," मी साहेबांना म्हणाले, आणि ते उठले. नवं पॅकेज काढलं, जुनं पुन्हा बसवलं आणि त्याला कुणी हात लावू नये म्हणून तिथेच अडकवून ठेवलं. छापलेला ढीग रद्दीत गेला. गाडी पाऊण तास उभी राहिली, पण नानांनी वाचलेले पेपर घेऊनच गेली.

"वरचा आदेश मोडलात," साहेब म्हणाले. "मला लेखी खुलासा पाहिजे. आजच."

खुलासा मी त्याच मशीनवर छापला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी पान उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरून पाहिलं. खोलीत सगळे माना खाली घालून कामात गढले होते. शेवटी साहेब उठले आणि स्वतःच्या पायांनी नानांच्या टेबलापाशी गेले.

नानांनी सावकाश मोठ्याने वाचलं. "आदेश मोडला. पुन्हा आला तर पुन्हा मोडेन. जे मुलांना वाचता येणार नाही, ते इथून जाणार नाही." बोट खाली सरकलं. "खाली हिचं नाव आहे. चूक एकही नाही, साहेब."

आणि त्यांनी खिशातून शिक्का काढून पानाच्या कोपऱ्यात मारला.