मिठागराच्या बांधावर ठेवलेली बरणी

मित्रांनो, थोडा वेळ माझ्याबरोबर चला. तुम्ही कोपरीच्या खाडीकाठी मातीच्या एका अरुंद बांधावर उभे आहात, अशी कल्पना करा. पाय अनवाणी आहेत आणि बांध उन्हाने तापला आहे. समोर एक मोठा चौकोनी वाफा आहे. त्यात घोटाही बुडणार नाही इतकेच पाणी आहे, आणि पाण्याच्या तळाशी काहीतरी पांढरे चमकते आहे. खाली उतरावे, मूठभर उचलून बघावे, असे वाटते ना? थांबा. अजून उतरू नका. का ते मी सांगते.

मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझ्या काठाचा एक टवका उडालेला आहे आणि पत्र्याचे झाकण केव्हाच हरवले आहे. भट्टीतून बाहेर आले तेव्हा मी अशी नव्हते. लखलखीत होते. कल्याणच्या बाजारात एका वाण्याच्या दुकानात मी पुढच्या फळीवर बसत असे, आणि माझ्या पोटात लिमलेटच्या गोळ्या असत. येणारे प्रत्येक मूल आधी माझ्याकडे बघायचे आणि मग वाण्याकडे. पुढे वाणी म्हातारा झाला आणि दुकान उठले. तेव्हा मंदाकिनीबाई मला मागायला आल्या. लहानपणी त्यांनीही माझ्यातल्या गोळ्या खाल्लेल्या होत्या.

"रिकामी बरणी घेऊन काय करणार, बाई? लोणचं घालणार?" वाण्याने विचारले.

"नाही हो. तिच्यात तळं ठेवणार," बाई म्हणाल्या.

वाणी हसला. पण बाईंनी ते खरे करून दाखवले. त्या ठाण्याला कोपरीतल्या एका लहानशा शाळेत शिकवत. शाळा दोन खोल्यांची होती. मुले हमालांची, गिरणीकामगारांची. विज्ञानाच्या पुस्तकात चंचुपात्र होते, सूक्ष्मदर्शक होता, मोठमोठ्या नळ्या होत्या. शाळेत त्यातले काही नव्हते. म्हणून दर शनिवारी बाई मुलांना घेऊन बाहेर पडत आणि मला बरोबर नेत. मासुंदा तळ्यातली बेडकाची पिल्ले माझ्यात पोहली. पारसिकच्या डोंगरावरची माती माझ्यात थराथराने खाली बसली. मुले माझ्या भोवती डोकी भिडवून बसत. ते माझे सर्वांत चांगले दिवस होते, असे मला अजून वाटते.

मला कोण उचलणार यावरून आधी भांडणे होत. मग ती थांबली, कारण बाईंनी ते काम बायजाला दिले. बायजा सातवीत होती. लहानपणापासून डोक्यावरून पाणी आणायची सवय असल्यामुळे तिच्या हातून एक थेंबही सांडत नसे. बेडकाच्या पिल्लाला मागचे पाय आधी फुटतात, हे वर्गात सर्वांत आधी तिने पाहिले.

"बायजा, सातवीची परीक्षा दे. तू मास्तरीण होशील," बाई म्हणाल्या होत्या. त्या दिवशी तिने मला इतके घट्ट धरले, की मला भीती वाटली.

पण मित्रांनो, बायजाने एक गोष्ट लपवली होती. उत्तम नावाचा एक मुलगा तिच्या वर्गात होता. बोलायला तिखट, हसवायला पटाईत. वाटेत दिसणाऱ्या मिठागरातल्या मुलांना तो 'खारे पाय' म्हणून चिडवी. मिठात राबून त्या लोकांचे पाय पांढरे पडतात आणि भेगाळतात ना, म्हणून. एकदा त्याने बायजाला विचारले, "तुझे वडील काय करतात गं?" ती पटकन बोलून गेली, "बोटीवर असतात." मग काय! मुले तिच्याकडे परदेशची नाणी मागू लागली.

तिचे वडील काळुराम बोटीवर नव्हते. शाळेपासून हाकेच्या अंतरावर, खाडीकाठच्या मिठागरात होते. मुकादम त्यांना वरचेवर म्हणत असे, "पोरगी येवढी झाली, तिला टोपली उचलायला लाव की." काळुराम म्हणत, "सातवी होऊ दे." तेवढ्या एका शब्दावर बायजाची शाळा चालली होती.

आणि एका शुक्रवारी बाईंनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला: समुद्राच्या पाण्यातले मीठ कुठे लपलेले असते?

"उद्या आपण ते शोधायला जाणार. मिठागरात!"

वर्गात आनंदीआनंद झाला. बायजा मात्र उठून म्हणाली, "बाई, मला उद्या बरं नसेल."

"उद्याचं आजच कळलं होय तुला?" बाई हसल्या. "तू नसलीस तर बरणी कोण नेणार? ये गं."

ती आली. वाटभर ती रांगेच्या शेवटी राहिली आणि मला छातीशी न धरता तोंडासमोर धरून चालली. माझ्या काचेतून तिचे डोळे मोठे आणि वाकडे दिसत होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार होती. मिठागरातली माणसे लांबच्या खोपीत भाकरी खायला बसली होती. बांधावर विचारायला कोणी नव्हते. बाईंनी वाफ्याकडे पाहिले, हात जोडले आणि म्हणाल्या, "हे कुणाचं तरी अन्न आहे. चपला काढा."

"बाई, चपला आहेत कुणाला? एकट्या सुधीरला!" उत्तम म्हणाला आणि सगळे हसले. सुधीरने आपल्या चपला काढून ठेवल्या. बाईंनीही काढल्या. खळ्यात शिरताना चपला काढतात, देवळात काढतात. ज्या जागेचा मान राखायचा तिथे चपला काढल्या की आत जायला हरकत नाही, असेच आपण धरून चालतो. बाईही तसेच समजल्या. त्यांच्या मनात मानच होता हो.

पण मिठाच्या वाफ्यात अनवाणीसुद्धा असे शिरायचे नसते. मीठ धरण्याआधी त्या वाफ्याची जमीन दिवसचे दिवस पायांनी तुडवतात, मग फळीने चोपतात, तेव्हा कुठे तो तळ घट्ट होतो. तुडवायला उतरणारासुद्धा आधी बांधावर पाय धुतो. एकदा का मीठ धरू लागले, की मग पाऊल टाकायचे नाही. बांधावर उभे राहून लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढून घ्यायचे. पाऊल पडले की तळ फुटतो, खालचा काळा चिखल वर येतो आणि पांढरे मीठ राखेसारखे होते.

हे तिथे एकट्या बायजाला ठाऊक होते. तो वाफा तिच्या वडिलांचा होता. त्याची जमीन तुडवायला पहाटे तीही गेली होती.

मुले उतरू लागली तेव्हा मी तिच्या हातात होते. तिने तोंड उघडले. पण शेजारीच उत्तम उभा होता. 'उतरू नका' म्हटले असते, तर त्याने लगेच विचारले असते, 'तुला गं कसं ठाऊक?'

तिने तोंड मिटले.

मुलांच्या पायांखाली मीठ कुरकुर वाजले. "बाई, टोचतंय!" "बाई, हा बघा खडा, चौकोनी!" सगळे ओरडत होते. बाईंनी बायजाकडून मला घेतले आणि वाफ्यातले पाणी माझ्यात भरले. मग ते पाणी गढूळ होताना बाईंना दिसले आणि त्या जागीच थबकल्या.

तेवढ्यात लांबून आरोळी आली. "भायेर निघा! आदी भायेर निघा!" काळुराम धावत येत होते. मुले घाबरून चोहीकडे पळाली आणि उरलेला वाफाही तुडवला गेला.

मागोमाग मुकादम आला. "काय हो बाई, जत्रा भरवलीत काय वाफ्यात? कोनाला इचारलंत?" बाई काही बोलणार, तोच त्याची नजर बायजावर गेली. "आनि ही रं काळुराम? ही तुजीच ना? मिठागरातली पोर हून हिला कलत नाय?"

सगळी मुले वळून पाहू लागली. काळुराम चिखलात उभे होते. त्यांचे पाय पांढरे, भेगाळलेले.

"काय गं बायजे," उत्तम हळूच म्हणाला, "हीच का तुझी बोट?"

कोणी हसले नाही. मला वाटते, त्यालाही ते बोलल्यावर बरे वाटले नसावे.

"पुनवेच्या भरतीचं पानी घ्यायचंय, त्याच्या आत वाफा पुन्ना पक्का पायजे," मुकादम काळुरामांना म्हणाला. "पोरीला लाव तुडवायला. साळा ऱ्हाऊ दे आता. आनि बाई, तुमी पुन्ना हिकडं फिरकू नका."

बाईंनी हात जोडून माफी मागितली. चूक माझी आहे, मुलीची नाही, असे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. पण मुकादम केव्हाच निघून गेला होता. त्या गडबडीत मी बांधावरच राहिले. संध्याकाळी बायजाने मला उचलून घरी नेले.

घरी काळुरामांनी आवाज चढवला नाही. जेवताना फक्त एकदा म्हणाले, "तू हुतीस ना गो तितं? तोंड नव्हतं तुला?"

बायजाने ताट सारले. मित्रांनो, मारापेक्षाही काही प्रश्न जास्त लागतात.

दुसऱ्या दिवसापासून ती वडिलांबरोबर वाफा तुडवू लागली. सकाळी जाई ती अंधार पडल्यावरच येई. मी खिडकीत तशीच पडून होते. बाई एकदा आल्या. काळुरामांनी त्यांना बसायला घोंगडी टाकली, पाणी दिले. बाई म्हणाल्या, "परीक्षा जवळ आली आहे. तिला पाठवा."

"तुमच्यावर राग नाय, बाई," काळुराम म्हणाले. "पन वाफा कोन तुडवील? दोघांच्या पायांनी पुनव गाठायची कशी, त्याचाच घोर हाय. ती गेली तर माजे एकट्याचे पाय."

पाण्याचा तांब्या बाईंनी तसाच खाली ठेवला आणि त्या गेल्या.

इकडे खिडकीतल्या उन्हाने माझ्यातले पाणी आटत होते. एक दिवस बायजाने मला उचलले आणि ती बघतच राहिली. माझ्या तळाशी काळ्या गाळाचा थर होता आणि काचेच्या कडेने मिठाचे खडे धरले होते. काही गाळ खाऊन काळपट झालेले, काही स्वच्छ. प्रत्येक खड्याला नीट कोपरे होते. बाईंच्या फळ्यावरच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यात आले होते, पण ते बघायला वर्ग नव्हता.

ती खूप वेळ मला फिरवून फिरवून बघत होती. मग तिने विचारले, "आबा, वाफा दुसऱ्या कोनी तुडवला तर चालंल?"

"दुसरं कोन येतंय?"

"ज्यांनी मोडला ते."

काळुराम कोरडे हसले. "ती साळंतली पोरं? आनि मुकादम?" मग ते म्हणाले, "मुकादमाचं मी बघीन. त्याला वाफा पक्का पायजे, पाय कोनाचे ते तो इचारीत नाय. पन माज्या वाफ्यात पाय धुवून यायचं, सांग त्यांना. येतील तर."

'येतील तर' हे दोन शब्द बायजा रात्री कितीतरी वेळ पुटपुटत होती.

सकाळी तिने मला कडेवर घेतले आणि ती शाळेत गेली. पाय चिखलाचे होते, तसेच. वर्ग भरला होता. तिने मला बाईंच्या टेबलावर ठेवले आणि ती मुलांकडे तोंड करून उभी राहिली.

"माझे वडील बोटीवर नसतात," ती म्हणाली. "मिठागरात असतात. त्या दिवशी तुम्हांला थांबवायचं मला ठाऊक होतं. मी बोलले नाही. तुम्हांला ठाऊक नव्हतं, तुम्ही उतरलात. आता तो वाफा पुनवेच्या आत तुडवायचा आहे. आम्ही दोघंच आहोत. येणार असाल तर या. पाय धुऊन उतरायचं."

उत्तम पाटीवर रेघा ओढत होता. बाईंचे डोळे माझ्या काचेच्या कडेने धरलेल्या खड्यांवर होते. बायजाने ते खडे अलगद काढून बाईंच्या हातावर ठेवले, मला उचलले आणि ती बाहेर पडली.

मित्रांनो, आज मी शाळेच्या कपाटावर खडूचे तुकडे पोटात घेऊन बसते. नवी पोरे मला ओळखत नाहीत. मला खाली काढा, धुवा, पुन्हा बाहेर न्या, एवढे मी मागते. आणि शिकायला कुणाच्या दारी जाल, तेव्हा चपला काढण्याच्या आधी त्या घरच्या माणसाला विचारा. आत येऊ का, पाय कुठे ठेवू. तुमच्यातला कोणी जाणता असेल, तर त्याने हसण्याला भिऊन गप्प बसू नये.

त्या सकाळी शाळेतून निघून बायजा बांधावर आली. काळुराम वाफ्यात एकटेच पाय चालवत होते. तिने मला खाडीच्या पाण्यात बुडवून भरले आणि आपल्या पायांवरचा कालचा चिखल धुऊन काढला. मग येणाऱ्यांना पाय धुवायला म्हणून तिने मला पुन्हा काठोकाठ भरले, बांधावर कोपरीकडून येणाऱ्या वाटेच्या तोंडाशी ठेवले, आणि मागे वळून न बघता ती वाफ्यात उतरली.