दारावरचे दोन कागद

मी एक जुना फ्रीज आहे. रंग उडालेला, हँडल दोरीने बांधलेलं, आणि स्वभाव म्हणाल तर तापट. या घरात राहून कुणाचं डोकं थंड राहील हो? मित्रांनो, अशी हाक मारायची रीत आहे म्हणून मारतो. नाहीतर माझं दार लाथेने लावणाऱ्यांना मी मित्र वगैरे मानत नाही.

कारखान्यात माझा पत्रा वाकवला, रंगवला आणि चार हमालांनी घाम गाळत मला या दुसऱ्या मजल्यावर चढवलं. तेव्हा काय कौतुक! भाऊ घड्याळजी, बहीण शिवणकाम करणारी. दोघांनी मिळून मला घेतलं होतं. बहीण मला रोज पुसायची. भाऊ आल्यागेल्याला दार उघडून आतला दिवा दाखवायचा. पुढे बहीण गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस दवाखान्यात गेली आणि या दीडशहाण्याने, "आता कुठे पाय मारणार ती," म्हणत तिचं शिलाई मशीन परस्पर विकून टाकलं. तेव्हापासून चार वर्षं अबोला. माझ्या पोटात चिकटपट्टी आली, वरचा कप्पा त्याचा, खालचा तिचा. मला पुसायचं मात्र दोघांच्याही वाट्याला आलं नाही.

समाईक उरला तो एक बोका. नाव साहेब. काम शून्य, रुबाब फार. माझ्या डोक्यावर झोपायचा आणि मागच्या जाळीत केस अडकवायचा. मला तो डोळ्यांसमोर नको असे. त्या साहेबाला मधुमेह झाला. पाणी घटाघटा प्यायचा आणि अंगाने मात्र वाळत चालला. प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, दर बारा तासांनी, खाणं झाल्यावर, मानेच्या कातडीत दोन युनिट इन्शुलिन टोचायचं. बाटली माझ्या दारात आली. ती बर्फात ठेवायची नाही, खळाखळा हलवायची नाही, तळहातांत हळूच फिरवायची. एवढं मलासुद्धा पाठ झालं. सकाळचे सात बहिणीचे, संध्याकाळचे सात भावाचे.

सुई दिली की खूण करायची, असं बाईंनीच ठरवून दिलं. शहाण्या माणसांनी एक कागद लावला असता. यांनी माझ्या दारावर दोन लावले! डावा त्याचा, उजवा तिचा, आणि दुसऱ्याच्या कागदाकडे ढुंकूनही बघायचं नाही. मेला कसला हा ताठा!

एके दिवशी सकाळी सातला बहिणीने सुई दिली, आपल्या कागदावर खूण केली आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. सव्वासातला भाऊ आला. साहेबाची ताटली अर्धी तशीच पडलेली दिसली.

"विसरली वाटतं! हिचं लक्ष असतं कुठे?" असं पुटपुटत त्याने बाटली काढली, दोन युनिट भरलं आणि दिलं टोचून. उजवा कागद त्याच्या नाकासमोर होता. मी जीव खाऊन घरघरलो.

"आता हाही कुरकुरायला लागला," म्हणत त्याने मला एक थापट मारली आणि डाव्या कागदावर खूण केली.

साडेदहाला साहेब ओट्यावरून माझ्या डोक्यावर उडी मारायला गेला आणि खाली आपटला. उठला, पण मागचे पाय फाकले आणि पुन्हा कोसळला. अंग थरथरत होतं. भाऊ-बहीण दोघं धावत आले. बहिणीने फोन लावून ओट्यावर मोठ्या आवाजात ठेवला.

"सकाळचं इंजेक्शन कुणी दिलं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मी," दोघं एकदम म्हणाले.

बाई कडाडल्या, "साखर फार उतरली असणार! मध बोटावर घेऊन हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, ठसका लागेल. आणि असाल तसे निघा!"

मध भावाच्या कप्प्यात होता. बहिणीने चिकटपट्टी ओलांडून तो ओढून काढला.

"खूण केली होती मी! डोळे काय गहाण ठेवलेस?"

"तुझा कागद मी कशाला बघू?"

"अरे, जीव जाईल ना त्याचा, दादा!"

भावाने बोका टॉवेलमध्ये गुंडाळला. दोघं जिना उतरून गेले आणि दार सताड उघडं राहिलं. माझं नव्हे, घराचं.

दोन दिवस माझ्या डोक्यावर कुणी नव्हतं. ना केस, ना पंजे. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. खरं सांगतो, मला भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी साहेब परतला. वाचला. दोघांचं जुळलं असं समजत असाल, तर छे! मशीनची माफी भावाने अजून मागितलेली नाही आणि बहिणीने दिलेलीही नाही. दारावर आता एकच कागद आहे, आणि दिवसातून दोनदा या घरात बोलणं होतं.

"दिलं का?"

"दिलं."

बस्स, एवढंच. तेवढ्यावर एक जीव जगतो आहे.

मित्रांनो, भांडायचं तर खुशाल भांडा, वर्षानुवर्षं तोंड फिरवून बसा, माझं काही जात नाही. पण मुक्या जिवाच्या औषधात अबोला आणू नका. त्याला तुमचा राग कळत नाही. त्या सकाळी साहेबाने आधी तिच्यापुढे मान वाकवली, मग पंधरा मिनिटांनी त्याच्यापुढे. दोन्ही वेळा त्याने नखं काढली नाहीत.