तिसरी सुई

दादांनी पाणसळ रेकॉर्ड प्लेअरवर आडवी ठेवली आणि एक डोळा मिटून तिच्यातल्या बुडबुड्याकडे पाहिलं. बुडबुडा डावीकडे सरकला होता. त्यांनी उजव्या पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारला, पुन्हा पाहिलं, पुठ्ठा काढला, त्याची घडी घालून परत सारला.

"गाणं ऐकायचंय की न्हाणीघराला फरशी बसवायचीय?" बहिणीने खुर्चीतून विचारलं.

"आधी पाया," दादा म्हणाले.

जन्मभर लोकांच्या घरात फरश्या बसवलेल्या माणसाशी यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. बहीण चहा ओतायला उठली.

टेबलावर तीन छोट्या डब्या होत्या, प्रत्येकीत प्लेअरची एकेक सुई. दुरुस्तीवाल्या बाईंनी त्या शनिवारपर्यंत वापरून बघायला दिल्या होत्या. जुनी सुई मोडली म्हणून दादा दांडीसकट प्लेअर त्यांच्याकडे घेऊन गेले होते. सुईच्या दांडीच्या टोकाला दोऱ्याने बांधलेला फरशीचा टवका बघून हे काय, असं बाईंनी विचारलं. सुई उडायची म्हणून वजन ठेवलं, असं दादांनी सांगितलं. इतकी वर्षं तुम्ही तबकडी वाजवत नव्हता, नांगरत होता, असं बाई म्हणाल्या आणि टवका सोडवून दादांच्या खिशात घातला. मग त्यांनी सुई धरणारं एक हलकं, स्वस्तातलं कार्ट्रिज बसवून दिलं. कार्ट्रिज तेच राहतं, पुढची सुई तेवढी ओढून बदलायची. गोल टोकाची सुई सोशिक असते, चरे फारसे ऐकू येऊ देत नाही, पण बारकावेही गिळते. लंबगोल टोकाची खाचेत नीट बसते. तिसरी त्याहून बारीक. ती खाचेच्या अशा जागी पोचते, जिथे तुमचा नांगर फिरला नसेल. महाग आहे, धूळही ऐकवेल. घरी वाजवा, पटेल ती ठेवा.

दादांकडे वाजवायला तबकडी एकच होती. बिस्किटांच्या कारखान्यातल्या पॅकिंगच्या बायकांचं गायनमंडळ होतं. मालकांनी हौसेने त्यांचं एक गाणं तबकडीवर काढलं होतं. डझनभर बायका, त्यात दादांची बायको आणि ही बहीण. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. फोटोत तिचं तोंड कायम मिटलेलं, आणि तिचा आवाज दुसऱ्या कशातच नव्हता. या तबकडीत होता, पण त्या घोळक्यात नेमका कुठला, ते दादांना कधीच ओळखता आलं नव्हतं. ती होती तेव्हा ओळखायची गरजही पडली नव्हती.

एक आवाज मात्र सगळ्या घराला पाठ होता. तिसऱ्या कडव्याआधी पेटी वाजते, ती संपेपर्यंत बायकांनी थांबायचं असतं, आणि एक बाई दम न निघून आधीच सुरू होते. ती बहीण. दादांनी तिचं नाव तेव्हापासून आगगाडी ठेवलं होतं. ती जागा आली की ते म्हणायचे, "सुटली आमची आगगाडी," आणि बायको पदर तोंडाला लावून हसायची. पुढे बहिणीची नातवंडंही तिला आगगाडी आजी म्हणायला लागली.

गोल सुई आधी लावली. गाणं जुन्यासारखंच ऐकू आलं, उबदार आणि गोळा झालेलं, शिजून एकजीव झाल्यासारखं. आगगाडी वेळेआधी सुटली. दादांनी सवयीने बहिणीकडे पाहिलं. तिने जीभ काढून दाखवली.

लंबगोल सुईने घोळका जरा सुटा झाला. डावीकडे एक जाडा आवाज निघाला. ती गोदामवाली, बहीण म्हणाली. एक किनरी आवाज मुकादमबाईचा. दादा पुढे वाकले. कपाळाला आठ्या पडल्या.

"आली का?"

"नाही."

तिसरी सुई बसवण्याआधी त्यांनी हात पँटला पुसला. दांडी उतरली. धूळ कडकडली, बाईंनी सांगितलं होतं तशी. मग बायका एकेक करून वेगळ्या झाल्या, रांगेत उभ्या राहिल्यासारख्या. दुसरं कडवं संपलं. पेटी सुरू झाली, आणि तिच्या आडून एक श्वास ऐकू आला. छोटा, मध्येच अडकणारा. पुढे काही बोलायचं असलं की घेतात तसा. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून "अहो, पानं वाढलीयत" म्हणण्याआधी रोज घेतला जायचा, तो.

आणि त्याच श्वासावर आगगाडी सुटली.

दादांनी दांडी उचलली नाही. गाणं संपून तबकडी नुसतीच फिरत राहिली, तेव्हा बहिणीने उठून सुई बाजूला केली.

"तू नव्हतीस," दादा म्हणाले.

"नव्हते."

"मग बोलली का नाहीस?"

बहिणीने सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. तबकडी घरी आली तेव्हा वहिनीला सासरी येऊन महिनाही झाला नव्हता. सगळे बसून ऐकत होते. कोण ही धांदरट, असं आईने विचारलं आणि वहिनीचा चेहरा पांढरा पडला. म्हणून बहीण बोलून गेली, मीच ती.

"पण ती तर हसायची. सगळ्यांत जास्त."

"हसायचीच. आणि तू गेलास की स्वयंपाकघरात मला चिमटा काढायची." बहिणीने कप गोळा केले. "आता माझं नाव मला परत दे."

दादा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

शनिवारी दुरुस्तीवाल्या बाईंचाच फोन आला. सुया घेऊन कधी येताय? दोन आज संध्याकाळी आणतो, तिसरी ठेवतोय, असं दादांनी सांगितलं. कशी वाटली, बाईंनी विचारलं. धूळ फार ऐकवते का?

"धुळीचं काही नाही," दादा म्हणाले. "एका जागी थोडी घाई होते, एवढंच."

"म्हणजे वेग जास्त पडतोय. प्लेअरही घेऊन या, त्याचा पट्टा बघते."

"नको, नको," दादा घाईघाईने म्हणाले. "ते तसंच राहू द्या."

त्यांनी फोन ठेवला आणि दांडी पुन्हा तिसऱ्या कडव्याच्या थोडी अलीकडे नेली.