पोटाशी धरलेली नळी

रिपोर्टात शून्य आलं होतं आणि मोठे डॉक्टर पेनाचं टोपण काढून बसलेच होते. चार वर्षांची मुलगी, तीनदा न्यूमोनिया. म्हणजे रक्तातलं कॉम्प्लिमेंट कामच करत नाही. आईला सांगा, जन्मभर जपा.

लॅबच्या टेक्निशियन बाईंच्या घशाखाली ते शून्य उतरेना. त्यांचंही एक पिल्लू पाळणाघरात नाक गाळत बसलं होतं.

"सर, प्रथिनं मोजली तर भरपूर आहेत. घर भरलेलं, मग हाकेला एकही उठू नये?"

कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तातल्या तीसेक प्रथिनांचं एकत्र कुटुंब. कधी अँटिबॉडी जंतूकडे बोट दाखवते, कधी जंतूच्या अंगावरची साखरच ओळखू येते; आणि तिसऱ्या क्रमांकाचं प्रथिन तर कोणी काही न बोलताही आपलं आपण धुसफुसत असतं. एक पेटलं की दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी जंतूच्या अंगाला भोक. बाईंच्या सासरी याला रविवार म्हणत.

मात्र रक्ताची नळी तपासणीआधी उबेत राहिली, की ही मंडळी जंतूवाचूनच भांडून गळून जातात.

"मशीन खोटं बोलत नाही," डॉक्टर म्हणाले.

"मशीनचं नाही म्हणत मी, सर." बाईंनी नळी आणणाऱ्या मावशींना हाक मारली. "मावशी, बर्फात आणलीत ना?"

"बर्फात? एवढ्याशा लेकराचं रक्त ते! मुठीत धरून आणलं. तुमच्या दाराला कुलूप, मग दोन तास पदराखाली पोटाशी घेऊन बसले. गार पडू दिलं नाही हो!"

"अडाणीपणाचा कळस!" डॉक्टर कडाडले. "बर्फाचा डबा कशाला दिलाय?"

"तो तुमच्याच खोलीत आहे, साहेब. पाण्याच्या बाटल्या आहेत ना त्यात."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. पेन वाळतं ना.

मुलीने दुसऱ्यांदा हात पुढे केला. "पहिलं रक्त कुठे सांडलं?" तिने बाईंना विचारलं. या वेळी बाटल्या टेबलावर घाम गाळत राहिल्या आणि मावशींनी डबा दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरून आणला. "बिचारं कुडकुडत असेल," एवढं मात्र बोलल्याच.

संध्याकाळी आकडा आला: अगदी चारचौघांसारखा. न्यूमोनिया का होतो ते शोधायचं बाकी होतं, पण शून्य पुसलं गेलं. डॉक्टरांनी बाहेर जाऊन मुलीच्या आईला गंभीरपणे सांगितलं, "मला पहिल्यापासून शंका होतीच."

बाई पर्स उचलून पाळणाघराकडे पळाल्या. तिथलं पिल्लू उबेत ठेवायला हरकत नव्हती.